सहीच्या आधी : कॉपीराइट आणि मनोरंजन क्षेत्रातली वकिली

आयोजकांनी विषय दिला तो 'कॉपीराइट आणि मनोरंजन क्षेत्रातील वकिली : एक करिअर' असा. पुढच्या रांगांत विधी महाविद्यालयातली मुलं-मुली दिसताहेत, आणि मागे काही लेखक, नाटकवाले, एक-दोन संगीतकारही येऊन बसलेत. तेव्हा बोलणं दोघांसाठी होईल. मुलांना हे काम कसं असतं ते कळावं, आणि मागच्यांना सही करायच्या आधी वकिलाकडे कशासाठी जायचं ते कळावं. आम्ही म्हणतोय ते आमच्या छोट्या ऑफिसातल्या सगळ्यांच्या मिळून अनुभवावरून, एकट्याची हुशारी त्यात नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकू. या क्षेत्रात यायचं म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे प्रीमियर, नट-नट्या, पार्ट्या असं काहीतरी येतं. प्रत्यक्षात दिवसाचा बहुतेक वेळ कागद वाचण्यात जातो. निर्माता, लेखक, गायक, चॅनेल, ओटीटी, म्युझिक कंपनी, या प्रत्येकाचा प्रत्येकाशी करार असतो. कोर्टात उभं राहायचे दिवस त्या मानाने कमी. आणि आमच्या मते चांगला मनोरंजन वकील तो, ज्याचे करार कोर्टापर्यंत जातच नाहीत.

या कामाचं मूळ एका शब्दात सांगायचं तर हक्कांची साखळी. एखादी ओटीटी कंपनी चित्रपट घेते तेव्हा पहिला प्रश्न विचारते, हा तुमचाच कशावरून? मग मूळ कथा कोणाची, पटकथा कोणाची, संवाद कोणाचे, चाल कोणाची, शब्द कोणाचे, गाणं कोणी म्हटलं, कॅमेऱ्यापुढे कोण होतं, प्रत्येकाचा लेखी कागद लागतो. साखळीतली एक कडी जरी सुटली तरी सौदा अडतो. विमा कंपनी पॉलिसी देत नाही, पैसे थांबतात.

उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं घेऊ. 'श्यामची आई'. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. गुरुजी गेले ११ जून १९५० ला. आपल्या कायद्यात लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १ जानेवारी १९५१ पासून मोजायचं, ते ३१ डिसेंबर २०१० ला संपलं. २०२३ साली सुजय डहाके यांनी या पुस्तकावर पुन्हा चित्रपट केला, तेव्हा पुस्तक कायद्याने सगळ्यांचं झालेलं होतं.

पण समजा उद्या तुम्हाला १९५३ च्या, आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई' चित्रपटातलं काही वापरायचंय. पुस्तक मोकळं आहे म्हणून चित्रपटही मोकळा, असं म्हणून चालेल का? पटकथा अत्र्यांची. ते गेले जून १९६९ मध्ये, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत. संगीत वसंत देसाई यांचं. ते गेले १९७५ साली, म्हणजे चालींवरचा हक्क २०३५ च्या अखेरपर्यंत. चित्रपट या कृतीला स्वतःची वेगळी मुदत, प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. त्यातून १९५७ चा आपला कायदा २१ जानेवारी १९५८ ला अमलात आला. त्याआधीच्या कामांना १९१४ चा कायदा होता, म्हणून तिथे आणखी जपून बघावं लागतं. बघा, नाव एकच, पण त्याच्या पोटात चार-पाच कृती आणि प्रत्येकीचं घड्याळ वेगळं. मुलांनो, हा हिशेब ज्याला करताना मजा येते त्याने या वाटेला यावं. ज्याला कंटाळा येतो त्याने दुसरी शाखा बघितलेली बरी, त्यात कमीपणा काही नाही.

सहज विषय निघाला म्हणून सांगतो. ही मुदत पूर्वी ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली गेले, त्यांच्या लेखनाची मुदत १९९१ च्या अखेरीस संपत होती. तेव्हा १९९२ साली कायद्यात दुरुस्ती करून ती सगळ्यांसाठीच दहा वर्षांनी वाढवली.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. हक्क निर्माण कोणाकडे होतो? कायदा म्हणतो, लेखक हाच पहिला मालक. पण या नियमाला अपवाद आहेत. नोकरीत असताना केलेलं काम मालकाचं. आणि पैसे देऊन कोणी चित्रपट करवून घेतला तर त्याचा पहिला मालक करवून घेणारा. या अपवादावरून १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात मोठा खटला झाला. एका बाजूला गीतकार-संगीतकारांची संस्था आयपीआरएस, दुसऱ्या बाजूला पूर्व भारतातल्या चित्रपट निर्मात्यांची संघटना. निकाल असा लागला की निर्मात्याने मोबदला देऊन चाल किंवा गीत चित्रपटासाठी करवून घेतलं, आणि उलट काही करार नसेल, तर पहिला मालक निर्माता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालाला वेगळी पुरवणी जोडली. आपल्याकडे गाण्याचा प्राण गायकाच्या गळ्यात असतो, आणि कायदा मात्र गायकाला काहीच देत नाही, ही खंत त्यांनी तिथे मांडली.

त्या खंतीला संसदेने उत्तर दिलं १९९४ च्या दुरुस्तीत. कलावंताचा, म्हणजे गायक, वादक, नट यांचा, सादरीकरणावरचा वेगळा हक्क तेव्हा कायद्यात आला. पण गीतकार-संगीतकारांची गोष्ट तशीच राहिली. एकरकमी पैसे घ्या, कागदावर सही करा, विषय संपला. गाणं पुढे चाळीस वर्षं रेडिओवर, लग्नात, मोबाइलच्या रिंगटोनवर वाजत राहतं, आणि ज्याने शब्द लिहिले त्याच्या घरी त्याचा एक रुपया येत नाही. उतारवयात औषधपाण्यासाठी मदतनिधी गोळा करावा लागलेले किती कलावंत आपण पाहिले. लोक हळहळतात, नशीब म्हणतात. आम्हाला विचाराल तर त्यात नशिबापेक्षा कराराच्या तिसऱ्या-चौथ्या कलमाचा वाटा मोठा होता.

२०१२ ची दुरुस्ती इथे महत्त्वाची. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि त्यांनी ही बाजू लावून धरली. २१ जून २०१२ पासून कायदा असा, की चित्रपटातल्या गीताचा, चालीचा किंवा पटकथेचा लेखक आपला हक्क निर्मात्याला देऊ शकतो, पण चित्रपटगृहातल्या प्रदर्शनाखेरीज इतर वापराची जी रॉयल्टी येईल तिच्यातला निम्मा वाटा सोडून देऊ शकत नाही. 'सोडून दिला' असं लिहून त्याने सही केली तरी त्या कलमाला अर्थ नाही. वाटा देता येतो तो फक्त वारसांना, किंवा वसुलीसाठी नोंदणीकृत कॉपीराइट संस्थेला. चित्रपटाबाहेरच्या गाण्यांनाही असाच नियम आहे.

बरं, कायदा झाला म्हणून पैसे आपोआप चालत येतात का? नाही येत. रेडिओ कंपन्यांचं म्हणणं होतं की आम्ही ध्वनिमुद्रण वाजवतो, त्याच्या मालकाला पैसे देतो, मग शब्द आणि चालीचे वेगळे कशाला? एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की २०१२ नंतर तेही द्यावे लागतील. म्हणजे कायदा झाल्यापासून हा निकाल यायला जवळजवळ अकरा वर्षं लागली. करिअर म्हणून या क्षेत्राचा विचार करणाऱ्यांनी हा वेग ध्यानात ठेवावा.

मध्यंतरी आमच्याकडे एक गीतकार आले होते. नाव-गाव सांगत नाही. त्यांचं एक गाणं यूट्यूबवर तुफान चाललेलं. हळदीला, वरातीत, गणपतीत, सगळीकडे तेच. हातात पाचशेच्या स्टॅम्पपेपरवरचा एक पानी कागद. 'सर्व हक्क, सर्व माध्यमे, कायमस्वरूपी, यापुढे कोणतीही मागणी करणार नाही.' खाली सही आणि दोन साक्षीदार. ते म्हणाले, "साहेब, आता काय, मी तर लिहूनच दिलंय." कागदावरची तारीख २०१२ नंतरची होती. आम्ही सांगितलं, गाणं विकलंत ते विकलंत, ते परत मिळायचं नाही. पण रॉयल्टीतला निम्मा वाटा विकता येतच नाही, तो अजून तुमचाच आहे. आयपीआरएसचे सभासद व्हा, गाण्याची नोंद करा. त्यांना ते खरंच वाटेना. आपणच लिहून दिलेलं वाक्य कायदा मोडीत काढतो, ही गोष्ट साध्या माणसाला पटकन पटत नाही. सहीचा आपल्याकडे फार दरारा आहे.

तेव्हा मागच्या रांगांतल्यांसाठी चार गोष्टी. हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सही केलेलं लागतं, तोंडी चालत नाही. कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत, आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर ते परत येतात. म्हणूनच निर्मात्याच्या वकिलाने केलेल्या करारात 'कायमस्वरूपी', 'संपूर्ण विश्वात', 'वापर न केला तरी हक्क अबाधित' हे शब्द ठासून भरलेले असतात. आम्ही निर्मात्यांचंही काम करतो, तेव्हा आम्हीही भरतो, लपवायचं कशाला. पण समोरच्या बाजूला वकील असेल तर त्यातलं निम्मं गळतं. करार ही घासाघीसच आहे, मंडईतल्यासारखी. फक्त एका बाजूला भाव माहीत असतो आणि दुसऱ्या बाजूला नसतो.

या बाबतीत मराठी रंगभूमी सिनेमापेक्षा शहाणी म्हणायची. नाटककाराला प्रयोगागणिक मानधन देण्याची रीत आपल्याकडे रुजलेली आहे. प्रयोग झाला की लेखकाचे पैसे निघाले. स्पर्धेत नाटक करायचं तर लेखकाचं परवानगीपत्र लागतं, हे कॉलेजातल्या पोरांनाही ठाऊक असतं. कायद्यात मात्र हौशी मंडळींसाठी एक सवलत आहे. प्रेक्षकांकडून पैसे न घेता हौशी संस्थेने प्रयोग केला, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केला, तर तो हक्कभंग होत नाही. लग्नात आणि वरातीत वाजणाऱ्या गाण्यांनाही कायद्याने सूट दिलीय. पण मंडळाने तिकीट लावलं की हिशेब बदलला. आणि सूट असली तरी लेखकाला एक फोन करावा, असं आमचं मत. तो कायद्याचा भाग नाही, रीतीचा आहे.

नवोदित लेखकांचा ठरलेला प्रश्न असतो, "माझी आयडिया चोरली." आयडियेला कॉपीराइट नसतो. हे १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. आर. जी. आनंद यांचं 'हम हिंदुस्तानी' हे प्रांतवादावरचं नाटक. १९५६ साली 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आला, विषय प्रांतवादाचाच. कोर्ट म्हणालं, कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कोणाची मक्तेदारी नाही. ती मांडण्याच्या रीतीवर आहे. दोन्ही पाहिलेल्या सामान्य प्रेक्षकाला दुसरी कृती ही पहिलीची नक्कल आहे असं निःसंशय वाटलं पाहिजे. तसं वाटत नाही म्हणून नाटककार हरले. नावाचंही तेच. 'देसी बॉइज' या नावावरून ठाण्यात फौजदारी तक्रार झाली होती, ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि २०१५ साली कोर्टाने सांगितलं की नुसत्या शीर्षकाला कॉपीराइट नसतो.

मग लेखकाने करायचं काय? मांडणी जितकी तपशिलात लिहाल तितकं संरक्षण जास्त. एका ओळीची कल्पना कोणाचीच नसते, चाळीस पानांची पटकथा तुमची असते. ती स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. सरकारी कॉपीराइट नोंदणीही करता येते, पण ती सक्तीची नाही. लिहून झालं की हक्क जन्मतो, नोंदणीने नाही. आणि कोणाला ऐकवलंत, कधी, कोणत्या ईमेलवर पाठवलंत, हे जपून ठेवा. २००३ साली मुंबई उच्च न्यायालयात झी विरुद्ध सनडायल असा एक खटला झाला. एका निर्मितीसंस्थेने मालिकेची संकल्पना चॅनेलला विश्वासाने दाखवली होती. पुढे तशीच मालिका चॅनेलवर आली आणि कोर्टाने ती रोखली. तिथे कॉपीराइटच्या जोडीला गोपनीयतेचा मुद्दा उपयोगी पडला. जिथे कॉपीराइट पुरा पडत नाही तिथे विश्वासभंगाचा कायदा कधीकधी पुरा पडतो. आमच्या धंद्यातली ही फार कामाची वाट आहे आणि अभ्यासक्रमात ती कोपऱ्यात पडलेली असते.

कोर्टाबद्दल थोडं. आपल्याकडे चित्रपट शुक्रवारी येतो. म्हणून पूर्वी बुधवार-गुरुवारी कोर्टात धावपळ असायची, 'प्रदर्शन थांबवा'. कित्येक महिने ट्रेलर दिसत असतो, पोस्टर लागलेली असतात, आणि आमच्या मित्राला जाग येते आदल्या दिवशी. २०१७ साली 'फिल्लौरी'च्या वेळी मुंबई उच्च न्यायालयाने अशा शेवटच्या घटकेच्या अर्जावर कडक शब्दांत नापसंती दाखवली आणि वर खर्चही लादला. तेव्हा अशिलाला वेळेवर जागं करणं, आणि तुझ्या दाव्यात दम नाही हे त्याला तोंडावर सांगणं, हेही वकिलाचंच काम. हे सांगितलं की अशील कधीकधी उठून दुसरीकडे जातो. जाऊ द्यावा.

मुलांसाठी आता वाटेबद्दल. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम, मग महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद, मग अखिल भारतीय बार परीक्षा. इथपर्यंत सगळ्यांचं सारखं. पुढे तीन दारं. कोर्टात ज्येष्ठांच्या हाताखाली बसायचं, एखाद्या सॉलिसिटर फर्ममध्ये लागायचं, किंवा स्टुडिओ-चॅनेलच्या कायदा विभागात नोकरी धरायची. आमचा सल्ला असा की पहिली दोन-तीन वर्षं कोर्टात काढावीत, पुढे जायचं असेल तिकडे जा. भांडण कुठे आणि कसं होतं हे ज्याने पाहिलं नाही त्याचा करार पोकळ राहतो. सुरुवातीची मिळकत बेताची, मुंबईत तर भाडं जाऊन हातात काय राहतं विचारू नका. वकिलाला जाहिरात करता येत नाही, तेव्हा कामं येतात ती तोंडोतोंडी, आणि त्याला वर्षं लागतात.

आणखी एक. मराठी नीट वाचता-लिहिता येणं याला इथे किंमत आहे. मराठी चित्रपट, नाटकं, मालिका, लोकगीतं यांच्या निम्म्या कागदांची भाषा मराठी असते, आणि लेखकाला इंग्रजी करार त्याच्या भाषेत समजावून सांगणारा वकील त्याला हवाच असतो. शिवाय नाटक बघा, गाणी ऐका. दोन चाली ऐकून सारखेपणा कशात आहे हे ज्याला ऐकूच येत नाही, तो कोर्टात काय सांगणार? २००८ साली राम संपत यांनी आपल्या जाहिरातीच्या धुनेवरून 'क्रेझी ४'च्या गाण्यांविरुद्ध दाद मागितली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने त्या गाण्यांसह चित्रपट दाखवायला मनाई केली होती. तिथे सगळा प्रश्न कानाचाच होता.

आता नवं प्रकरण आलंय यंत्राच्या आवाजाचं. जुलै २०२४ मध्ये अरिजीत सिंग यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या साधनांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने मनाईहुकूम दिला. आवाज हा स्वतः कॉपीराइटची 'कृती' नाही, म्हणून तिथे व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचा आधार घ्यावा लागला. हल्ली डबिंग कलाकारांच्या करारात 'आवाजाचा नमुना कोणत्याही तंत्रज्ञानासाठी वापरता येईल' असं एखादं वाक्य हळूच शिरतं. २०१२ ची दुरुस्ती लेखनाच्या आणि संगीताच्या हक्काबाबत म्हणते की करार करताना अस्तित्वात नसलेल्या माध्यमाचा हक्क, त्याचा नावानिशी उल्लेख केल्याशिवाय, दिला असं होत नाही. पण हे तंत्र आता अस्तित्वात आहे. म्हणजे आज जो सही करेल त्याला उद्या 'तेव्हा ते नव्हतं' म्हणता यायचं नाही. ते वाक्य सहीच्या आधीच खोडावं लागेल, किंवा त्याचे वेगळे पैसे तरी मागावे लागतील.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय, तो घेतो आणि थांबतो. "वडिलांनी १९९८ साली भक्तिगीतांच्या कॅसेटसाठी गाणी लिहिली होती, करार एका पानाचा आहे, कंपनी अजून ती गाणी वाजवते, काही होईल का?" कागद बघितल्याशिवाय नक्की सांगणार नाही. पण कशासाठी बघायचा ते सांगतो. २०१२ ची दुरुस्ती मागच्या करारांना लावता येईल असं धरून चालू नका. मात्र मुदतीचा पाच वर्षांचा नियम १९९४ च्या दुरुस्तीनंतर झालेल्या करारांना लागतो, आणि तुमचा करार त्यानंतरचा आहे. गाणी चित्रपटातली नाहीत, त्यामुळे निर्माताच पहिला मालक हा अपवादही इथे सहसा येत नाही, वडील कंपनीच्या नोकरीत नसतील तर. तेव्हा त्या पानावर 'कायमचे' किंवा अमुक वर्षं असं काही लिहिलंय का, एवढंच आधी बघा. काही लिहिलेलंच नसेल, तर ते हक्क २००३ सालीच वडिलांकडे परत आले असण्याची शक्यता आहे. स्टॅम्पपेपरची मागची बाजूही बघा, पुष्कळदा अटी तिथे टाइप केलेल्या असतात. आणि मूळ कागद कोणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्स घेऊन या.